खडकातला ओक: तेओदोर रुसोचं एक चित्र आणि फोंतेनब्लोचं जंगल

१८६१ सालच्या मे महिन्यात पॅरिसच्या सालोंमध्ये, म्हणजे फ्रान्सच्या सरकारी कलाप्रदर्शनात, तेओदोर रुसो या चित्रकारानं ‘ल शेन द रोश’ हे तैलचित्र मांडलं. नावाचा अर्थ सरळ आहे: खडकातला ओक. त्याच वर्षी १३ ऑगस्टला सम्राट तिसऱ्या नेपोलियनच्या हुकमानं त्या चित्रातल्या जंगलाचा, फोंतेनब्लोचा, १०९७ हेक्टर भाग तोडीच्या वेळापत्रकातून बाहेर काढला गेला. सरकारी कागदोपत्री या भागाला नाव मिळालं ‘कलात्मक विभाग’. इथली झाडं पाण्यासाठी, शिकारीसाठी किंवा जहाजबांधणीसाठी राखायची नव्हती. ती दिसतात कशी, एवढ्याच कारणासाठी राखायची होती. कॅलिफोर्नियातलं योसेमिटी यानंतर तीन वर्षांनी राखलं गेलं आणि यलोस्टोन अकरा वर्षांनी.

चित्रामुळे हुकूम निघाला, असा दावा मी करणार नाही. तारखा शेजारी आल्या म्हणून एक गोष्ट दुसरीचं कारण ठरत नाही, आणि हुकमामागची खटपट या चित्राच्या कितीतरी आधीपासून चालू होती. पण झाडाची किंमत कशात मोजायची, हा त्या वादातला खरा प्रश्न होता, आणि त्याला रुसोनं दिलेलं उत्तर या चित्रात इतकं स्पष्ट आहे, की हुकमाचं बळ आणि त्याच्या उणिवा दोन्ही त्यातून समजतात. म्हणून हे एकच प्रकरण इथे सविस्तर बघू.

चित्रकार

रुसो म्हटल्यावर आपल्याला आधी तत्त्वज्ञ आठवतो, चित्रकलेची आवड असेल तर घनदाट जंगलात वाघ रंगवणारा आंरी रुसो. हा तिसरा. जन्म पॅरिसचा, १८१२ सालचा. त्याची निसर्गचित्रं सालोंच्या निवड समितीनं १८३६ ते १८४१ अशी सलग नाकारली. तेव्हाच्या समितीला निसर्गचित्रात ग्रीक-रोमन कथेतली पात्रं, मागे सोनेरी इटालियन टेकड्या आणि नीट आखलेली मांडणी हवी असे. रुसोच्या चित्रांत फ्रान्सचीच दलदल, फ्रान्सचीच झाडं आणि ढगाळ आकाश असायचं. लोक त्याला ‘थोर नाकारलेला’ म्हणू लागले. पुढे त्यानं चित्रं पाठवणंच सोडलं. १८४८ च्या क्रांतीनंतर वारं फिरलं, सरकारनं त्याच्याकडून चित्र मागवलं आणि १८४९ मध्ये तो पुन्हा सालोंमध्ये दिसला. तोवर त्यानं पॅरिसपासून सुमारे ६० किलोमीटरवर, फोंतेनब्लोच्या जंगलाच्या कडेला, बार्बिझों या खेड्यात बिऱ्हाड केलं होतं. १८४९ मध्ये ज्याँ-फ्रांस्वा मिये त्याच गावात राहायला आला आणि दोघांची जन्माची मैत्री झाली. कोरो, दिआझ आणि इतर पुष्कळ चित्रकार येऊन-जाऊन असत. गाने नावाच्या कुटुंबाची खाणावळ हा त्या सगळ्यांचा अड्डा होता.

चित्र

‘खडकातला ओक’ पाहताना पहिली अडचण होते ती शिरायला वाट नसण्याची. त्या काळच्या निसर्गचित्रात पुढे एखादी पायवाट, मध्ये उजेडाची जागा आणि मागे दूरचा देखावा, असा नजरेसाठी रस्ता करून दिलेला असे. इथे पुढचा भाग मोठमोठ्या दगडांनी अडवलेला आहे. दगडांवर शेवाळ, दगडांच्या फटींत झुडपं, आणि त्या दगडांतूनच उठलेला, फांद्या पसरलेला ओक. मागे जंगलाची दाटी. आकाश दिसतं ते पानांच्या जाळीतून, तुकड्यातुकड्यांनी. नजर झाडाच्या बुंध्यापाशी जाऊन थांबते आणि मग तिथेच घुटमळत राहते: शेवाळ कुठे संपलं, साल कुठे सुरू झाली, ही फांदी की मुळी, हे उलगडत.

रुसोच्या उत्तरकाळातल्या या गच्च, पुन्हा पुन्हा हात फिरवलेल्या शैलीवर तेव्हाही वाद होता. चित्र संपवणं त्याला फार जड जाई. एकेका फळीवर तो वर्षानुवर्षं काम करी, वाळलेल्या रंगावर पुन्हा रंग चढवी, आणि त्या नादात त्यानं काही चित्रांची हानीही केली. त्याच्या तरुणपणीच्या एका मोठ्या चित्रात, जुरा पर्वतातून उतरणाऱ्या गुरांच्या, डांबरी रंगद्रव्य इतकं वापरलेलं आहे की ते काळवंडून जवळजवळ हातचं गेलं आहे. मात्र ‘खडकातला ओक’मध्ये ही गच्चपणाची सवय विषयाशी जुळून आली, असं मला वाटतं. इथे मोकळी हवा दाखवणारा हलका हात चालला नसता. दगड, माती, मूळ आणि पान एकमेकांत किती गुंतलेले आहेत तेच तर सांगायचं आहे.

हा गुंता चित्रकाराच्या मनाचा खेळ नव्हता, तो त्या जमिनीचाच आहे. फोंतेनब्लोच्या खाली सुमारे ३ कोटी ३० लाख वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्राची वाळू आहे, जवळजवळ शुद्ध सिलिका, इतकी स्वच्छ की काच बनवायला ती नावाजलेली आहे. या वाळूचे काही थर सिलिकेनंच सांधले जाऊन कठीण वालुकाश्म झाले. नंतर खालची मोकळी वाळू वाहून गेली, वरच्या कठीण थरांचा आधार सुटला, ते तुटले, घसरले आणि उतारांवर एकमेकांवर रचल्यासारखे पडून राहिले. आप्रमों आणि फ्रांशार इथल्या घळींमध्ये हे दगडांचे ढीगच्या ढीग आहेत. अशा जागी माती थोडी, आंबट आणि निकस असते आणि पाणी ठरत नाही. ओक इथे रुजतो तो दोन दगडांच्या फटीत साचलेल्या पाचोळ्यात, आणि वाढतो अतिशय सावकाश. सुपीक सपाटीवरच्या ओकाचा सरळ, उंच सोट त्याला कधीच येत नाही. तो वाकतो, आखडतो, आडवा पसरतो.

आता हेच झाड लाकूड मोजणाऱ्याच्या नजरेनं पाहा. त्याची फळी निघत नाही, तुळई निघत नाही. तोडून वाहून न्यायचं तर दगडांतून वाट काढायची मजुरी लाकडाच्या किमतीपेक्षा जास्त. हिशेबाच्या वहीत त्याची नोंद शून्याजवळ. आणि रुसोनं सालोंसाठी निवडलं ते हे झाड. जंगलात नामांकित ओक पुष्कळ होते, राजांची आणि वीरांची नावं मिळालेले, पर्यटक ज्यांना शोधत जात. या चित्राच्या नावात कुणा राजाचं नाव नाही. झाडाची ओळख सांगितली आहे ती ते कशावर उभं आहे यावरून. त्यातून एक गोष्ट आपोआप निघते: दगड काढले तर हे झाड राहणार नाही, झाड काढलं तर हे दगडही तेच राहणार नाहीत. राखायचं तर ती अख्खी जागा राखावी लागेल.

१८६१ मध्येच रुसोनं याच विषयाचं एचिंगही, म्हणजे धातूच्या पत्र्यावर सुईनं रेघा ओढून त्यावरून छापलेलं चित्र, केलं आणि ते ‘गाझेत दे बोझार’ या कलाविषयक नियतकालिकात छापून आलं. त्यानं आयुष्यात मोजकीच एचिंग्ज केली, त्यामुळे या विषयासाठी त्यानं सुई हातात घेतली हे मला महत्त्वाचं वाटतं. तैलचित्र एका भिंतीवर राहतं. छापील चित्र वर्गणीदारांच्या घरोघरी गेलं. रंग नसल्यामुळे एचिंगमध्ये तो गुंता आणखी उघड होतो. साल, शेवाळ, पान सगळं एकाच जातीच्या बारीक रेघांनी विणलेलं आहे.

वनखात्याची बाजू

या प्रकरणाची हकिगत बहुतेक वेळा चित्रकारांकडून सांगितली जाते आणि वनाधिकारी त्यात करवत घेतलेले खलनायक होतात. ते न्याय्य नाही. फ्रान्समध्ये वनशास्त्राचं शिक्षण देणारी नान्सीची शाळा १८२४ मध्ये सुरू झाली आणि १८२७ मध्ये नवा वनकायदा आला. त्यामागे खरी काळजी होती. शतकानुशतकांच्या बेबंद तोडीनं आणि चराईनं देशातली जंगलं विरळ झाली होती. फोंतेनब्लोतही मोठमोठे पट्टे उघडे, वाळूचे आणि झुडपांचे होते. जुने ओक आतून पोकळ होत होते. त्यांच्या जागी नवी रोपं यायची तर जुनी झाडं पाळीपाळीनं काढलीच पाहिजेत, हे त्यांचं शास्त्र सांगत होतं आणि त्यांच्या परीनं ते बरोबर होतं. १८३० नंतर खात्यानं हजारो हेक्टर उघड्या जमिनीवर स्कॉट्स पाइन लावले, कारण निकस वाळूवर लवकर वाढणारं दुसरं झाड हाताशी नव्हतं.

चित्रकारांचा पाइनवर भारी राग. एकसारख्या रांगा, वर्षभर तोच काळपट हिरवा रंग, आणि दगडांचे उतार त्याखाली झाकले जाणार. काही जण रात्री जाऊन रोपं उपटत, अशा हकिकती आहेत. शिवाय खाणवाले होते. पॅरिसच्या रस्त्यांची फरसबंदी ज्या चिऱ्यांनी झाली त्यांतले पुष्कळ चिरे याच वालुकाश्माचे. रुसो ज्या दगडांसमोर छत्री रोवून बसे, तसेच दगड काही अंतरावर छिन्नी-घणानं फोडले जात होते.

अर्ज आणि हुकूम

बार्बिझोंजवळचं बा-ब्रेओ हे जुन्या झाडांचं रान चित्रकारांचं सगळ्यात लाडकं. तिथे तोड झाली तेव्हा रुसोनं १८४७ मध्ये एक चित्र सुरू केलं, कोसळणाऱ्या झाडांचं आणि दोरांनी ती ओढणाऱ्या माणसांचं. त्याला नाव दिलं ‘निरागसांची कत्तल’. बायबलमध्ये हेरोद राजा बेथलेहेमची तान्ही मुलं मारवतो, त्या प्रसंगाचं हे नाव आहे. चित्र अपुरंच राहिलं. पुढे ते डच चित्रकार मेसदाख याच्या संग्रहात गेलं आणि आज हेगमध्ये आहे. त्यात राग आहे, करुणा आहे, पण मला ते ‘खडकातला ओक’पेक्षा कमी पटतं. झाडांना बालकं म्हटलं की माणसाचा जीव कळवळतो हे खरं, पण वनाधिकाऱ्याकडे त्याला उत्तर तयार असतं: बालकं नव्हेत, ही चारशे वर्षांची पोकळ खोडं आहेत.

१८५२ च्या अर्जात रुसोनं वेगळी भाषा वापरली. हा अर्ज त्यानं मित्र आल्फ्रेद सांसिएच्या मदतीनं केला. सांसिए सरकारी नोकरीत होता, पुढे रुसोचं चरित्र त्यानंच लिहिलं, आणि दरबारात कोणता शब्द चालतो हे त्याला ठाऊक होतं. अर्जाचा गाभा असा: इतर कलावंतांना जसे जुन्या थोर गुरूंच्या कलाकृतींचे नमुने आहेत, तसं निसर्ग रंगवणाऱ्यांना हे जंगल आहे. संग्रहालयातलं चित्र कुणी जुनं झालं म्हणून फाडत नाही. शिवाय हे रान म्हणजे देशाच्या वीरकाळाची जिवंत खूण, असाही सूर त्यात होता. नव्यानं सम्राट होऊ घातलेल्या माणसाला हा सूर गोड लागणारच होता. १८५३ मध्ये ६२४ हेक्टर जुनं रान बाजूला काढलं गेलं, आणि १८६१ च्या हुकमानं ते क्षेत्र १०९७ हेक्टरवर गेलं. या वेळी जुन्या झाडांच्या रानांबरोबर दगडांच्या जागाही त्यात आल्या.

हे एकट्या चित्रकारांनी साधलं असतं का? मला शंका आहे. पहिल्या नेपोलियनच्या फौजेतला एक जुना सैनिक, क्लोद-फ्रांस्वा देनकूर, यानं निवृत्तीनंतर आपली सगळी पुंजी आणि उमेद या जंगलात ओतली. १८४० च्या दशकापासून त्यानं दगडांतून पायवाटा काढल्या, झाडांवर आणि खडकांवर निळे बाण रंगवले, गुहा आणि झाडांना नावं दिली, मार्गदर्शक पुस्तिका छापल्या. १८४९ मध्ये पॅरिसहून आगगाडी आली आणि रविवारी शहरातली माणसं लोंढ्यानं उतरू लागली. रुसोसारख्यांना या गर्दीचा आणि रंगवलेल्या बाणांचा त्रासच होत असे. तरी माझ्या मते सरकारच्या लेखी या गर्दीचं वजन अर्जाइतकंच, कदाचित जास्त होतं. आणि दगडाळ भाग राखण्यात खात्याचं नुकसान फारसं नव्हतंच. जिथे लाकूड निघत नाही तिथली तोड थांबवणं स्वस्त पडतं. रुसोनं निवडलेल्या झाडाचं निरुपयोगी असणं अशा आडवळणानं त्याच्या कामी आलं.

हुकमातून काय सुटलं

जंगल सुमारे १७ हजार हेक्टरचं. राखीव भाग त्याच्या सोळाव्या हिश्शाइतका. बाकी ठिकाणी तोड, खाणी आणि पाइन चालूच राहिले. पण क्षेत्राचा तुटपुंजेपणा मला मोठी उणीव वाटत नाही, सुरुवात लहानच होते. दोन गोष्टी जास्त खटकतात.

एक म्हणजे जंगलावर जगणारी माणसं. कडेच्या गावांतल्या लोकांचे सरपण गोळा करण्याचे आणि गुरं चारण्याचे जुने रिवाज होते. १८२७ च्या कायद्यानं ते आवळत आणले. चित्रकारांच्या अर्जात या माणसांची बाजू नाही. त्यांच्या चित्रांत मात्र ती आहेत, रुसोच्या झाडांखाली मोळी घेतलेल्या इवल्याशा बाया, मियेच्या चित्रांत तर अगदी पुढ्यात. मिये त्यांचं ओझं पाहत होता हे त्याच्या रेघेत दिसतं. तरी राखीव भाग आखताना विचार झाला तो पाहणाऱ्याच्या डोळ्याचा, वाकून काटक्या वेचणारीचा नाही.

दुसरी गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. चित्रकारांना जे आदिम, माणसाचा हात न लागलेलं वाटत होतं, त्यातलं बरंचसं त्याच गुरांनी आणि त्याच काटक्या वेचणाऱ्यांनी घडवलेलं होतं. खडकांचे उतार उघडे होते कारण तिथे चराई होती, अधूनमधून वणवे लागत, झुडपं तोडली जात. ओकाला उजेड लागतो, आणि तो उजेड या वहिवाटीमुळे मिळत होता. तोड थांबली, चराई गेली, आणि बीच झाडं पुढे सरसावली. बीचचं रोप दाट सावलीतही तग धरतं, ओकाचं धरत नाही. ला तिए आणि ग्रो-फुतो ही राखीव भागातली प्रसिद्ध जुनी रानं. १९५३ पासून ती पूर्ण जैविक राखीव क्षेत्रं आहेत, पडलेलं खोडसुद्धा तिथून हलवत नाहीत. ला तिएत आज बीचचं राज्य आहे. जुने ओक मरतात आणि त्यांच्या जागी ओक येत नाही. ज्यांच्यासाठी सगळा लढा झाला ती झाडं संरक्षणातच मागे पडत गेली.

याला मी अपयश म्हणणार नाही. उभी वठलेली झाडं, कुजणारी खोडं, त्यांत वाढणारे भुंगे आणि बुरशी, यांसाठी ही रानं आज पश्चिम युरोपात मोलाची मानली जातात. १८६१ मध्ये हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. देखाव्यासाठी राखलेल्या जागेत दीडशे वर्षं काहीच न करण्याचा परिणाम म्हणून ते मिळालं. आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाची स्थापना १९४८ च्या ऑक्टोबरमध्ये फोंतेनब्लोलाच झाली, त्यामागेही ही परंपरा होती.

नंतरचं

रुसो १८६७ च्या डिसेंबरमध्ये बार्बिझोंत वारला. १८७० च्या दशकात पुन्हा तोडीचा बेत आला तेव्हा चित्रकारांनी आणि लेखकांनी समिती स्थापली, आणि पुढच्या दशकांत राखीव क्षेत्र वाढत गेलं. तोडीविरुद्धची निदर्शनं १९९० च्या दशकातही झाली.

आताचा पेच मात्र उलटा आहे. फ्रांशार आणि आप्रमोंच्या घळींत दगडांचे उघडे उतार पाइननं झाकले जात आहेत. ते उघडे ठेवायचे तर पाइन तोडावे लागतात, आणि जंगलात काही ठिकाणी मेंढ्या पुन्हा चरायला सोडल्या गेल्या आहेत. शहरातून आलेल्या फिरस्त्याला करवतीचा आवाज ऐकून चीड येते. त्या चिडीला १८४७ पासूनचा इतिहास आहे, म्हणून ती उडवून लावता येत नाही. कोणता उतार पूर्वी उघडा होता हे दाखवायचं तर जुनी दृश्यं हा एक पुरावा असतो, आणि इथे रुसोवर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. स्टुडिओत परतल्यावर तो फांद्या हलवी, दाटी वाढवी, आकाश झाकी. गुस्ताव्ह ल ग्रे आणि यूजेन क्युव्हलिए यांनी १८५० आणि १८६० च्या दशकांत, त्याच खडकांत कॅमेरा उभा करून काढलेली छायाचित्रं या कामी जास्त भरवशाची आहेत. त्यांतले उघडे खडक आणि ‘खडकातला ओक’मधली दाटी शेजारी ठेवली, की रुसोला जंगल कसं दिसत होतं आणि कसं हवं होतं, यांतलं अंतर मोजता येतं.